डिंक, सफेदा आणि गडद रंग : बीदर-गुलबर्ग्यापासून हवानापर्यंत गुआशची वाटचाल

गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग. रंगाची पूड बाभळीच्या डिंकात घोटायची आणि तिला पांढऱ्या द्रव्याची जोड द्यायची, एवढीच त्याची मूळ कृती. साध्या जलरंगात उजेड कागदातून येतो. रंगाचा थर पातळ असतो आणि त्याखालचा पांढरा कागद त्याला उजळपणा देतो. गुआशमध्ये रंग कागदाला झाकून टाकतो, त्यामुळे गडदावर फिका थर देता येतो, चुकलेली रेघ बुजवता येते आणि हातभर मोठा भाग एकाच रंगात सपाट भरता येतो. वाळल्यावर त्याला चकाकी राहत नाही. चित्रकाराला सवयीने शिकावी लागणारी एक अडचणही त्यात आहे: फिके रंग वाळताना थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिके पडतात. ओल्या रंगाकडे पाहून वाळलेल्या रंगाचा अंदाज ज्याला येतो, त्याच्याच हाताला हे माध्यम वश होते. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला आणि साइनबोर्डच्या दुकानात ते ‘पोस्टर कलर’ या नावाने ओळखले जाते.

दख्खनला हा रंग नवा नव्हता. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, काजळ आणि सफेदा डिंकात घोटून कागदावर चढवायचे आणि मग कागद उलटा ठेवून अकीकाच्या दगडाने ओपायचा, अशी इथल्या पोथीचित्रांची रीत होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारा ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हा सोळाव्या शतकातला सचित्र ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. त्यातला नारिंगी, पिवळा आणि जांभळ्याकडे झुकणारा तांबडा आजही डोळ्यांत भरतो. विजापूरच्या दरबारात १५७० साली सिद्ध झालेला ‘नुजूम-उल-उलूम’ याच परंपरेतला. मुघल चित्रकार बारकाव्यात रमला, तर दख्खनी चित्रकाराने रंगाला आधी मान दिला. झाड जांभळे, आकाश सोनेरी, घोडा निळा: निसर्गाशी इमान राखण्याची त्याला घाई नव्हती.

बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली. या दोन शहरांना जोडणाऱ्या वाटेवर हुमनाबाद वसले आहे. बीदरजवळच्या अष्टूर गावात अहमदशहा वली बहमनीची कबर आहे. तो १४३६ मध्ये वारला. त्याच्या कबरीच्या घुमटाच्या आतल्या बाजूला हिंगुळी, सोनेरी आणि निळ्या रंगांची जी नक्षी आहे, ती चुन्याच्या गिलाव्यावरची आहे. तिला गुआश म्हणता येणार नाही. तरी गडद पार्श्वभूमीवर झगझगीत रंग बसवण्याची या भागाची आवड तिथे उघड दिसते. काळ्या बिदरी भांड्यावर चांदी लखलखते, तीही याच आवडीची साक्ष. अष्टूरच्या उरुसाला मुसलमान आणि लिंगायत दोघेही जातात. हिंदू भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. रंग आणि श्रद्धा दोन्ही बाबतींत या मुलखाने कप्पे फार कधी पाडले नाहीत.

इंग्रजी अमलात चित्रकलेची शाळा आली आणि तिच्याबरोबर पारदर्शक जलरंगाची प्रतिष्ठाही आली. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत स्वच्छ, पातळ, एका हाताने मारलेला जलरंग हा कौशल्याचा कस ठरला. त्यात पांढरा मिसळणे ही काहींच्या लेखी पळवाट होती. गंमत अशी की युरोपात त्याआधीच पांढरा रंग सुधारला होता. विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या कंपनीने १८३४ मध्ये जस्तापासून बनवलेला ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणला. शिशाच्या सफेद्याप्रमाणे तो काळवंडत नसे. यामुळे अपारदर्शक जलरंग टिकाऊ आणि भरवशाचा झाला, पण मान त्याला मिळाला नाही. तो मान पुढे छापखान्याने दिला.

छापखान्याची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण गुआशचे नशीब तिच्याशी बांधलेले आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यात तैलचित्रांवरून दगडी ठसे तयार होत. कारागीर एकेका रंगाचा दगड हाताने रेखाटत असे. नंतर छायाचित्रावरून ब्लॉक बनवण्याची पद्धत रुळली. मूळ चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवायचे, जाळीतून त्याचे ठिपके पाडायचे आणि जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. अशा कॅमेऱ्यापुढे तैलरंगाचा वार्निश चमकतो आणि पारदर्शक जलरंगाच्या हलक्या छटा उडून जातात. गुआशचा पृष्ठभाग मंद असतो, कडा स्वच्छ असतात आणि पांढरा ठसठशीत उतरतो. तो तासाभरात वाळतो. संपादकाने सायंकाळी बदल सांगितला तर सकाळपर्यंत नवा चेहरा रंगवून देता येतो. मासिके, जाहिराती, कॅलेंडरे आणि सिनेमाची जाहिरात या चारही धंद्यांना असाच रंग हवा होता.

मराठीत या धंद्याला मोठा आधार मिळाला तो दिवाळी अंकांचा. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि वर्षातून एकदा का होईना, रंगीत मुखपृष्ठ ही वाचकाची अपेक्षा बनली. सिनेमाच्या बाजूला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पाया घातला. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे भारतीय चित्रपटाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र पोस्टरांपैकी एक मानले जाते.

याच सुमारास निजामाच्या राज्यातल्या गुलबर्गा शहरात सांबानंद मोनप्पा पंडित लहानाचे मोठे होत होते. त्यांचा जन्म २५ मार्च १९१६ चा. शंकरराव आळंदकर या शिक्षकाकडे त्यांनी गुलबर्ग्यातच रेखाटनाचे धडे घेतले. पुढचे शिक्षण मात्र मुंबईत झाले: आधी जी. एस. दंडवतीमठ यांच्या नूतन कला मंदिरात, मग जे. जे. स्कूलमध्ये. गुलबर्ग्याच्या मुलाला राजधानी हैदराबादपेक्षा परक्या प्रांतातली मुंबई जवळ वाटावी, याचे एक कारण रेल्वे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-सोलापूर-गुलबर्गा-रायचूर मार्ग १८७१ मध्ये पुरा झाला होता आणि गुलबर्ग्याला गाडीत बसलेला माणूस थेट मुंबईत उतरू शकत होता. शेजारच्या हुमनाबादला ही सोय फार उशिरा मिळाली. बीदर-कलबुर्गी (गुलबर्ग्याचे आजचे नाव) लोहमार्ग सुरू झाला तो २९ ऑक्टोबर २०१७ ला.

मुंबईत मेट्रो सिनेमा १९३८ साली उघडला. तिथे एम.जी.एम. या अमेरिकी कंपनीचे चित्रपट लागत आणि प्रवेशदालनात मांडण्यासाठी शोकार्डे लागत. शोकार्ड म्हणजे पुठ्ठ्यावर रंगवलेले नट-नटीचे मोठे चित्र. प्रेक्षक तिकीट काढायला आला की चार पावलांवरून त्याच्या नजरेत ते भरले पाहिजे. पंडितांनी हे काम गुआशमध्ये केले आणि त्यात असे कसब मिळवले की पुढची दोन दशके मुंबईतली शोकार्डे त्यांच्या धर्तीवर होऊ लागली. बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक १९३५ साली निघाले. त्याच्या मुखपृष्ठांनी पंडितांचा हात देशभर पोचवला.

त्यांच्या रंगकामाचे विशेष समजून घेण्यासारखे आहेत. चेहऱ्यावर प्रकाश एकाच दिशेने येत नाही. एका गालावर पिवळसर उजेड, दुसऱ्या गालाच्या कडेला निळी वा हिरवी झाक, हनुवटीखाली तांबूस परावर्तन, अशी स्टुडिओतल्या दिव्यांची मांडणी ते कुंचल्याने करतात. सावलीसाठी काळा फारसा वापरत नाहीत, तिथे जांभळा येतो. कातडीच्या छटा एकमेकींत विरघळलेल्या दिसतात, पण जवळून पाहिले तर कुंचल्याचे आखूड, निश्चयाचे फटकारे वेगळे ओळखू येतात. झटपट वाळणाऱ्या रंगात अशी मृदू संगती साधणे अतिशय अवघड असते, कारण तैलरंगासारखा तो ओल्यावर ओला मिसळत बसायला वेळ देत नाही. पौराणिक चित्रांत त्यांनी हीच रीत वापरली. त्यांचे राधा-कृष्ण, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका सिनेमाच्या उजेडात उभे आहेत. रविवर्म्याच्या देवता नाटकाच्या रंगमंचावरून उतरलेल्या होत्या, पंडितांच्या देवता रुपेरी पडद्यावरून.

पंडितांच्या हाताखाली तयार झालेले रघुवीर मुळगावकर हे गोव्याच्या अस्नोड्याचे. १९१८ ते १९७६ या आयुष्यात त्यांनी मराठी घराघरांत जितक्या देवता पोचवल्या, तितक्या दुसऱ्या कोणी क्वचितच पोचवल्या असतील. रंगाचे तुषार उडवून गुळगुळीत छटा आणण्याचे तंत्र त्यांनी इतके साधले की तेच त्यांची ओळख झाले. दीनानाथ दलाल हेही गोव्याचे, जन्म १९१६. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सजवला. दलालांकडे पंडित-मुळगावकरांपेक्षा वेगळी नजर होती. ते आकृती सोपी करत, पार्श्वभूमी एका रंगात सपाट ठेवत, रेषेला लय देत. त्यांच्या काही मुखपृष्ठांत स्त्रीची आकृती तीन-चार रंगांच्या पट्ट्यांत बसलेली असते आणि तरीही ती तितकीच जिवंत वाटते. मराठी वाचकाला आधुनिक चित्राची पहिली गोडी गॅलरीत लागली असे समजले जाते. प्रत्यक्षात ती बहुतेकांना दलालांच्या मुखपृष्ठांनी लावली.

गॅलरीतला गुआश मात्र दुसऱ्या एका माणसाच्या हातून घडला आणि तोही निजामाच्या राज्यातलाच होता. कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारमला झाला. वडील मोटारचालक होते. आई लहानपणीच गेली आणि सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईला आला. त्याने गाड्या धुतल्या, घरकाम केले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. रिकाम्या वेळात तो चित्रे काढी. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर या मुंबईत आलेल्या दोघा युरोपियनांनी त्याला हेरले. १९४२ मध्ये आरांचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि १९४४ मध्ये मराठ्यांच्या लढाईवरच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला.

आरांना तैलरंग परवडत नसे, तेव्हा ते जलरंग आणि गुआश वापरत. पण त्या रंगाशी त्यांचे वागणे पंडितांच्या अगदी उलट होते. पंडित कुंचल्याचा माग दुरून दिसू देत नसत, आरा तो ठळक ठेवत. ते गुआश जाड लावून त्याला तैलरंगाचा दळदार पोत देत. फुलदाणी, फळे, घडे, नग्न स्त्री असे त्यांचे विषय साधे असत आणि रंग ओबडधोबड, ताजे, भरघोस. पुढे तैलरंग हाती आल्यावरही या सवयी सुटल्या नाहीत. त्याच ग्रुपचे रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि त्यांनी गुआशमध्ये निर्मनुष्य, भूमितीत बांधलेली गावे रंगवली. १९५१ चे ‘ओ द कान्य’ हे त्यांपैकी गाजलेले. हुसेन हे पंढरपूरचे. त्यांनी उमेदीच्या काळात मुंबईच्या रस्त्यावर सिनेमाचे फलक रंगवले. शोकार्डाची दुनिया आणि गॅलरीची दुनिया यांत अंतर किती कमी होते, हे त्यांच्या एकट्याच्या आयुष्यावरूनही दिसते.

याच दशकांत हजारो मैलांवर हवाना शहरात हा रंग आधुनिक चित्रकलेचे हत्यार बनला होता. मुंबई आणि हवानाच्या चित्रकारांची ओळखदेख नव्हती. पण परिस्थितीत साम्य होते: दोन्ही बंदरे, दोन्हीकडे पाश्चात्त्य अकादमीचे शिक्षण, दोन्हीकडे सचित्र मासिकांचा बाजार. हवानात कोनरादो मासागेर यांनी १९१६ मध्ये काढलेले ‘सोशल’ हे मासिक मुखपृष्ठांसाठी ओळखले जाई. १९२७ साली ‘रेविस्ता दे अव्हान्से’ या नियतकालिकाच्या गटाने नव्या कलेचे प्रदर्शन भरवले आणि क्यूबन अव्हाँगार्दची सुरुवात तिथून धरली जाते. अमेलिया पेलाएस यांनी पॅरिसमध्ये शिकून १९३४ मध्ये घर गाठले. हवानाच्या जुन्या घरांच्या खिडक्यांतली रंगीत काच त्यांनी चित्रात आणली. जाड काळ्या रेषांच्या चौकटीत जांभळा, पिवळा, निळा भरलेला असतो आणि उष्ण कटिबंधातला उजेड जणू पलीकडून पाझरतो. रेने पोर्तोकारेरो यांनी आपल्या बालपणीच्या घरांच्या सजलेल्या खोल्या दाट, गजबजलेल्या रंगांत उभ्या केल्या.

विफ्रेदो लाम यांचे नाव या सर्वांत पुढे येते. वडील चिनी, आई आफ्रिकी-स्पॅनिश वंशाची. १९२३ पासून स्पेनमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये पिकासोच्या सहवासात राहून युद्धामुळे ते १९४१ मध्ये क्यूबाला परतले. १९४३ साली त्यांनी ‘ला हुंग्ला’ म्हणजे ‘अरण्य’ हे चित्र केले. कॅनव्हासवर चिकटवलेल्या कागदावरचे हे सुमारे अडीच मीटर उंचीचे काम दीर्घकाळ गुआश म्हणूनच नोंदवले जात होते. उसाच्या कांड्यांत मिसळलेल्या मानवी आकृत्या, चंद्रकोरीसारखे मुखवटे, हिरवा, निळा आणि मधूनच तांबडा. ऊस क्यूबात गुलामांच्या कष्टांवर पिकला होता आणि ही आठवण चित्रात कोपऱ्याकोपऱ्यात आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४४ मध्ये आधुनिक क्यूबन चित्रकारांचे प्रदर्शन भरवले तेव्हा लाम त्यात सामील झाले नाहीत, पण पुढच्याच वर्षी संग्रहालयाने ‘ला हुंग्ला’ विकत घेतले.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९४३ मध्ये लाम हवानात कागदावर चित्र करत होते, तेव्हा पंडित मुंबईत पुठ्ठ्यावर शोकार्डे रंगवत होते आणि आरा जाड गुआशने फुले काढत होते. लामचे काम जगातल्या एका मोठ्या संग्रहालयात गेले. आरांची कामे गॅलऱ्यांत आणि संग्राहकांकडे गेली. पंडितांची शोकार्डे सिनेमा उतरला की गोदामात गेली, ओलीने फुगली, फाटली, पुठ्ठा म्हणून पुन्हा वापरात आली. कौशल्याच्या तराजूत पंडित कुठेच कमी ठरत नाहीत. फरक पडला तो चित्र कोणासाठी केले आणि कोणी जपले यामुळे. क्यूबाने स्वतः पुढे हा भेद बऱ्याच अंशी मिटवला. १९५९ च्या क्रांतीनंतर स्थापन झालेल्या तिथल्या चित्रपट संस्थेने, ‘इकाइक’ने, रेशीमजाळीतून छापलेली सिनेमा-पोस्टरे काढली. सपाट, गडद, मोजक्या रंगांची ही पोस्टरे आज त्या देशाच्या कलेचा अभिमान मानली जातात. मुंबईच्या शोकार्डांना असा आसरा त्या काळी मिळाला नाही, ही आपल्या कलेतिहासातली खरी उणीव आहे.

कॅलेंडराच्या रूपाने मात्र पंडित-मुळगावकरांच्या देवता खेडोपाडी पोचल्या. उदाहरणार्थ, हुमनाबादचा बाजार पुणे-हैदराबाद रस्त्यावरचा. पाट्या कन्नड, मराठी आणि उर्दूत. शेजारच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची समाधी. १८१७ ते १८६५ या काळात होऊन गेलेल्या या दत्तसंप्रदायी सत्पुरुषाने सकलमत संप्रदाय चालवला आणि मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांत पदरचना केली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे होऊन हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात आले. सरकारी नकाशे बदलले, तरी दुकानांतल्या भिंतीवरचे दत्त, लक्ष्मी, राधा-कृष्ण तेच राहिले. देवतेच्या चित्राला कोणत्याही लिपीची गरज पडत नाही. मुंबईत रंगवलेले कॅलेंडर तीन भाषांच्या बाजारात सारखेच खपत असे.

रंग स्वदेशी होण्यालाही वेळ लागला. पंडितांच्या पिढीने बहुतेक विलायती रंगांवर काम केले. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईच्या धंद्यातून सुरू केलेल्या कॅमलिनने १९६० च्या दशकात चित्रकलेचे साहित्य बनवायला घेतले आणि पोस्टर कलरच्या बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरी दुकानांत दिसू लागल्या. त्यानंतर गुआश शिकण्यासाठी मुंबई गाठणे आवश्यक राहिले नाही.

उत्तरायुष्यात पंडित गुलबर्ग्याला परतले आणि तिथेच देवी-देवतांची व व्यक्तींची चित्रे करत राहिले. ३० मार्च १९९३ ला त्यांचे निधन झाले. कलबुर्गीतले डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर त्यांच्या नावाने उभे आहे. पंडित गेले तोवर धंद्याचे रूप बदलत चालले होते. ऑफसेट छपाईने रंगीत छायाचित्र स्वस्त केले, शोकार्डांत हाताने रंगवलेल्या चेहऱ्याऐवजी छायाचित्र चिकटवले जाऊ लागले आणि २००० नंतर फ्लेक्सने पेंटरांची दुकाने बंद पाडली. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पोस्टरे आणि चित्रपटाच्या पुस्तिका जमवल्या म्हणून या कामाचा काही भाग वाचला. छापील प्रत आणि मूळ गुआश यांत मोठे अंतर असते. छपाईत चार शाया जेवढे सांगू शकतात तेवढेच उतरते, निळ्या-जांभळ्या छायांची नाजूक चढण हरवते. मूळ चित्र जपायचे तर पाण्याचा थेंब, बुरशी आणि ऊन या तिन्हींपासून राखावे लागते, कारण डिंकाचा बंध ओल लागताच सैल होतो आणि काही लाल-गुलाबी रंग प्रकाशात उडतात. काचेच्या आड, भिंतीपासून दूर, मंद उजेडात ठेवलेले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे गुआश मात्र रंगाने आजही ताजे राहू शकते.